नोकरी गेल्यावर स्वतःचं काम: आधी गिऱ्हाईक, मग गाळा

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहान या औद्योगिक भागांतली नोकरी सुटलेली माणसं सल्ला विचारायला येतात तेव्हा बहुतेकांचा क्रम उलटा झालेला असतो. कंपनीने पुढे केलेल्या कागदावर सही झालेली असते. हातात आलेल्या पैशातून गाळ्याचं डिपॉझिट गेलेलं असतं, फर्निचरवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिलेला असतो, बोर्डही लागलेला असतो. त्यानंतर विचारतात की गिऱ्हाईक कुठून आणायचं आणि बँक कर्ज का देत नाही. यातली प्रत्येक गोष्ट करायचीच असते, पण गाळा पहिल्या महिन्यात घेतला की सगळं बिघडतं.

म्हणून हा लेख क्रमासाठी लिहिला आहे. कोणता धंदा करावा हे इथे सापडणार नाही. कुठला कागद कधी, कुठला पैसा कुठे, आणि कुठल्या टप्प्याआधी पुढचं पाऊल टाकायचं नाही, एवढं सापडेल. ज्यांची नोकरी अजून आहे पण ऑफिसात कुजबुज सुरू झाली आहे, त्यांनी पहिला टप्पा आजच वाचावा.

## टप्पा १: सही करण्याआधी

नोकरकपातीच्या दिवशी माणूस हादरलेला असतो आणि नेमका त्याच दिवशी सर्वांत महत्त्वाचा कागद समोर येतो. एचआरच्या खोलीत बोलावतात, दोन-तीन पानं पुढे करतात, आणि कुठेतरी मधे ओळ असते: ‘मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ सोबत तोंडी सांगतात की सही केली तर अनुभवपत्र चांगलं मिळेल, दोन महिन्यांचा पगार लगेच सुटेल.

या एका ओळीने हक्क बदलतात. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘कामगार’ असलेल्या आणि किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या माणसाची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. राजीनामा दिला की ही कपात उरत नाही, आणि भरपाईही हातची जाते. मॅनेजर किंवा कायद्यातल्या मर्यादेहून जास्त पगाराचे सुपरवायझर या व्याख्येत बसत नाहीत. त्यांनी नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम वाचायचं, त्यांचा आधार तोच.

त्या खोलीत एवढंच म्हणा: ‘कागद घरी नेऊन वाचतो, उद्या सही करतो.’ कागद हातात देत नसतील तर निदान ईमेलवर मागा. आवाज चढवायची गरज नाही.

मग हिशेब मांडा. त्यात इतक्या गोष्टी दिसल्या पाहिजेत:

- शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर तो दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो.
- शिल्लक रजांचे पैसे, नोटीसचा पगार, थकलेला बोनस किंवा इन्सेंटिव्ह.
- कायम नोकरीत पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, मुदतीच्या करारावर असाल तर एक वर्ष पुरतं. ती ३० दिवसांत मिळायला हवी.

ग्रॅच्युइटीचा आकडा स्वतः काढा, कंपनीचा डोळे मिटून घेऊ नका. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते (ती एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी असेल तर नव्या संहितेप्रमाणे निम्मा पगार) तिला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग सेवेच्या वर्षांनी गुणा. समजा रक्कम २६,००० आणि सेवा आठ वर्षं, तर १५,००० गुणिले ८ म्हणजे १,२०,००० रुपये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. सात वर्षं आठ महिने झालेल्या माणसाला सातच वर्षांची रक्कम दिली जाते आणि तोही गप्प घेतो, हे फार होतं.

इशारा: कंपनीचं लॉगिन बंद होण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, नेमणूकपत्र, बढतीची पत्रं उतरवून घ्या. पण ग्राहकांच्या याद्या, ड्रॉइंग, कोड, दरपत्रकं यांना हात लावू नका. नोकरी सोडल्यावर ‘याच क्षेत्रात काम करणार नाही’ असं लिहून घेतलेलं बंधन भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती उचलल्याची तक्रार मात्र टिकते.

तपासा: हातात चार कागद आहेत का? रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र, हिशेबाचा तपशील आणि शेवटच्या तीन स्लिपा. पुढे बँक यांतले निम्मे मागणार आहे.

## टप्पा २: पीएफ आणि आजारपणाचा विमा

पीएफच्या पोर्टलवर आधी ‘नोकरी सोडल्याची तारीख’ चढली आहे का ते पाहा. ती नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. कंपनीने चढवली नाही तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःच ती टाकता येते. आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं नसेल तर दुरुस्ती आताच सुरू करा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथेच अडकतात.

पैसे काढायची घाई करू नका. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढले तर त्यावर कर लागू शकतो. पैसे काढण्याचे नियम २०२५ मध्ये बदलायचं ठरलं आहे, त्यामुळे यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ पाहून अर्ज भरू नका. पोर्टलवर त्या दिवशी जे दिसतं ते खरं. आणि पेन्शनचा भाग वेगळा समजून घ्या. सेवा दहा वर्षांहून कमी असेल तर तो काढून घेता येतो, किंवा त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं. प्रमाणपत्र घेतलं तर पुढे परत नोकरी लागल्यावर जुनी वर्षं मोजली जातात. आठ-नऊ वर्षं झालेल्यांनी तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईएसआयसीत (कामगार राज्य विमा महामंडळात) विमा असलेल्यांनी शाखेत जाऊन अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना विचारावी. नोकरी गेलेल्या पात्र विमाधारकाला सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा देण्याची तरतूद त्यात आहे. ती सध्या चालू आहे का आणि आपण बसतो का, हे शाखेतच पक्कं करा.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशी संपतो. त्याआधीच त्या विमा कंपनीला लिहा आणि वैयक्तिक पॉलिसीत जायचं आहे असं कळवा. तसं केलं तर आधीची वर्षं प्रतीक्षा काळात (जुन्या आजारांचा खर्च मिळत नाही त्या काळात) धरली जातात. घरात मधुमेह, रक्तदाबाचं कुणी असेल तर हा एक ईमेल लाखाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तेवढा भार उतरला आहे.

इशारा: धंदा सुरू झाल्यावर विमा काढू, असं म्हणू नका. नव्या धंद्याचं भांडवल बरेचदा धंद्यातल्या तोट्याने नाही, घरातल्या आजारपणाने बुडतं. रामदासपेठ किंवा धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या बिलात सगळं साफ होतं.

## टप्पा ३: पैसे तीन ठिकाणी वेगळे ठेवा

एकरकमी पैसा खात्यात आला की तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. तो आल्याच्या आठवड्यातच तीन भाग करा, तेही खरोखर वेगवेगळ्या खात्यांत.

पहिला भाग घराचा, निदान सहा महिन्यांचा. तो काढताना गेल्या वर्षभराचं बँक स्टेटमेंट समोर ठेवा, कारण नागपुरात महिने सारखे नसतात. एप्रिल ते जूनचं विजेचं बिल हिवाळ्याच्या कितीतरी पट येतं. जूनमध्ये शाळेची फी, पुस्तकं, गणवेश. हिवाळ्यातल्या खर्चाला सहाने गुणून उन्हाळ्यात उतरू नका.

दुसरा भाग हप्त्यांचा: घर, गाडी, क्रेडिट कार्ड. हप्ता चुकण्याच्या *आधी* बँकेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा. आधी गेलेल्याचं ऐकतात, हप्ता चुकवून गेलेल्याला फोन येतात. शिवाय एकदा सिबिल खराब झाला की सातव्या टप्प्यातलं कर्ज तिथेच संपलं. क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती आधी फेडा, तिच्याएवढं व्याज कुठलाच धंदा पहिल्या वर्षी कमावून देत नाही.

उरलेला तिसरा भाग धंद्याचा. तो पूर्ण गेला तरी मुलांची शाळा आणि घर चालू राहील, एवढाच असला पाहिजे. समजा तो ८०,००० निघाला, तर धंदा ८०,००० चा. बायकोचे दागिने, आईच्या नावची एफडी, गावाकडची शेती हे या टप्प्यात मोजायचंच नाही.

तपासा: तिन्ही आकडे घरातल्या मोठ्यांना ठाऊक आहेत का? एकट्याने डोक्यात ठेवलेला हिशेब पहिल्याच लग्नाच्या आहेरात मोडतो.

## टप्पा ४: काम निवडताना

बहुतेक जण ‘सध्या काय चालतं’ असं विचारतात आणि चहाची फ्रँचायझी, तर्री पोह्याचा ठेला किंवा कॅफे यांवर येऊन थांबतात. हे धंदे वाईट नाहीत. पण सकाळी पाचला उठून पोहे करणारा माणूस त्यात वर्षानुवर्षं मुरलेला असतो, आणि त्याच्या शेजारी तुम्ही नवशिके म्हणून उभे राहणार असता.

आधी आपण नोकरीत रोज काय करत होतो ते लिहा. पदाचं नाव लिहू नका, कामं लिहा. ‘स्टोअर इन्चार्ज’ असं लिहून काही सुचत नाही. ‘साठा मोजणं, संपत आलेला माल आधी ओळखणं, सप्लायरकडून तीन भाव मागवणं’ असं लिहिलं की इतवारीतला किराणा घाऊकवाला किंवा गांधीबागेतला कापडवाला डोळ्यांसमोर येतो, ज्याच्या गोदामात नेमका हाच गोंधळ असतो. मेंटेनन्समधला फिटर हिंगण्याच्या चार छोट्या युनिटची वार्षिक देखभाल घेऊ शकतो. पगारपत्रकं करणाऱ्याला दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्यांची पीएफ-ईएसआयची कामं मिळतात, कारण त्यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही. आयटीतल्या माणसाने नवं अ‍ॅप काढण्याआधी जवळच्या दहा दुकानदारांचा ऑनलाइन माल कोण चढवतो ते विचारावं.

निवडलेल्या कामाला तीन प्रश्न लावा. याचे पैसे आत्ता कुणी कुणाला देतं का? देत असेल तर तो माणूस मला माझ्या घरापासून अर्ध्या तासात भेटतो का? वर्षातले किती महिने हे काम असतं?

तिसरा प्रश्न नागपुरात फार मोठा आहे. कूलरचं काम घ्या. होळीच्या आसपास टाक्यांचा गंज काढणं, पंप बदलणं, वुडवूलच्या टाट्या लावणं सुरू होतं आणि मृग लागला की फोन बंद. त्या चार महिन्यांत खर्च जाऊन १,६०,००० रुपये सुटले तर लोक महिन्याला ४०,००० मिळाले असं मानतात. वर्षाला भागले तर ते १३,३०० च्या आसपास येतात. म्हणून कूलरवाल्याने पावसाळ्यात मोटार-पंप आणि हिवाळ्यात गिझर हे काम पहिल्या वर्षापासूनच जोडायला हवं. मंडप, केटरिंग, फोटोग्राफी हे लग्नसराईवर, संत्र्याचे पदार्थ हंगामावर. बारा चौकोनांचा कागद करा आणि प्रत्येक महिन्यात काय येईल ते भरा. कोरे चौकोन कसे भरायचे हे आता ठरवा, ऑगस्टमध्ये नव्हे.

इशारा: काम देण्याआधी डिपॉझिट मागणारा घरबसल्या पॅकिंगवाला, ‘महिना अमुक नक्की’ असं लिहून न देता सांगणारा फ्रँचायझीवाला, आणि माणसं जोडायला लावणारी योजना या तिन्हींना नोकरी गेलेला माणूस बरोबर सापडतो. फ्रँचायझी घ्यायचीच असेल तर दोन चालू आणि एक बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा ५: भाव काढा आणि पैसे देणारी पहिली दहा गिऱ्हाइकं मिळवा

हा टप्पा लोक गाळतात. शेजारी म्हणतात ‘वहिनी, तुमच्या हाताला चव आहे, डबे सुरू करा’, आणि त्यालाच मागणी समजतात. कौतुक करणाऱ्याने पैसे दिले की ती मागणी.

डब्याचंच उदाहरण सविस्तर घेऊ, कारण नोकरी गेलेल्या घरांत सर्वांत आधी तेच सुचतं. त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर भागात शिकणारी, भाड्याने राहणारी मुलं आहेत, डबा ८० रुपयांनी जातो असं धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. एका डब्याची कणीक, तांदूळ, डाळ, भाजी, तेल, मसाला मिळून ४२ रुपये. गॅस ६. डबा घासणं, कागद, पिशवी ४. पोचवण्याचं पेट्रोल आणि पोऱ्या १२. उरलेलं, नासलेलं, ऐन वेळी ‘आज नको’ म्हणून परत आलेलं ३. झाले ६७. हातात १३ राहिले. रोज ३० डबे आणि महिन्याला २६ दिवस म्हणजे ७८० डबे, म्हणजे १०,१४० रुपये. त्यासाठी घरातली दोन माणसं सकाळी पाचपासून दुपारपर्यंत उभी, आणि त्यांची मजुरी यात कुठेच धरलेली नाही.

तोच डबा १०० ला गेला तर ३३ सुटतात, महिन्याला २५,७४०. वीस रुपयांनी धंद्याचं रूपच बदललं. म्हणून ‘शेजारचा ८० ला देतो तर मी ७५ ला देतो’ हा विचार करण्याआधी हा तक्ता भरा. १०० ला कुणाला परवडेल, त्याला कशासाठी परवडेल (कमी तेल, पथ्याचं जेवण, म्हाताऱ्या आईवडिलांना वेळेवर गरम डबा), हे शोधा. मुलं परगावी असलेले वयस्कर लोक धरमपेठ-लक्ष्मीनगर भागात कमी नाहीत.

सेवा देणाऱ्यांचीही हीच चूक होते. फिटर फक्त सुटे भाग आणि पेट्रोल धरतो, जाण्या-येण्याचा वेळ धरत नाही. घरून टॅलीवर हिशेब लिहिणारी मुलगी महिन्याचं ठोक सांगते, पण किती नोंदी हे ठरवत नाही, मग त्याच पैशात दुप्पट काम येतं. दर सांगताना काय करणार, किती करणार आणि कशाचे वेगळे पैसे लागतील, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.

भाव ठरला की गाळा, बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड यांच्याशिवाय दहा गिऱ्हाइकं करा. घरातल्या स्वयंपाकघरातून, जुन्या गाडीवरून, मित्राच्या लॅपटॉपवरून. नातेवाईक या दहात धरू नका. दोन आठवड्यांचा डबा आगाऊ पैसे घेऊन द्या, एका कारखान्याचं काम एक महिना करून बिल वसूल करून पाहा.

तपासा: दहांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा पैसे दिले? सहा-सात जण परत आले तर पुढच्या टप्प्याला या. दोनच आले तर भाव, माल किंवा गिऱ्हाईक यांपैकी काहीतरी चुकलं आहे. तिथेच थांबून दुरुस्त करा.

## टप्पा ६: नोंदण्या, याच क्रमाने

एकट्याचा धंदा मालकी पद्धतीने, स्वतःच्या पॅनवर सुरू करा. पहिल्याच दिवशी प्रायव्हेट लिमिटेड काढलेल्यांना धंदा नसतानाही दरवर्षी ऑडिटचे आणि फायलिंगचे पैसे भरावे लागतात.

१. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची केंद्र सरकारकडची नोंद. आधार आणि पॅनवर, सरकारी पोर्टलवर, पूर्ण मोफत. गूगलवर वरती दिसणाऱ्या काही खासगी साइट सरकारी वाटतात आणि एक-दोन हजार घेतात. पैसे मागितले की साइट चुकली, असं समजा.

२. दुकाने व आस्थापना, म्हणजे आपला गुमास्ता. थोडी माणसं असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्याची पावती मिळते, ती बँकेत चालते.

३. चालू खातं. उद्यम आणि गुमास्ता दाखवून उघडा. किमान शिल्लक किती हे आधी विचारा.

४. व्यवसाय कर. नोकरीत कंपनी कापायची म्हणून हा लक्षात राहत नाही. महाराष्ट्रात स्वतःचा धंदा करणाऱ्याला स्वतः नाव नोंदवून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. चार-पाच वर्षांनी व्याजासकट नोटीस येते तेव्हा जड जातं.

५. खाण्याचं काही विकत असाल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंद. अगदी छोट्या प्रमाणावर परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. पण ती घरगुती डब्यालाही लागते.

६. जीएसटी, लागेल तेव्हाच. महाराष्ट्रात मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांवर किंवा सेवांची २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची. माल दुसऱ्या राज्यात विकणार असाल तर त्याआधीही लागते. मध्य प्रदेश इतकं जवळ आहे की शिवनी-छिंदवाड्याला माल पाठवताना हे विसरायला होतं. गरज नसताना नंबर घेतला की शून्य उलाढालीचंही विवरण भरावं लागतं, आणि उशीर झाला तर रोज २० रुपये विलंब शुल्क चढतं.

घरातून काम करणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि मीटरचं काय ते महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या. घरगुती मीटरवर धंदा पकडला गेला तर वाढीव दराने मागची वसुली होऊ शकते.

## टप्पा ७: कर्ज

आता तुमच्याकडे उद्यम, चालू खातं आणि खात्यात आलेले गिऱ्हाइकांचे पैसे आहेत. बँकेचा मॅनेजर बोलायला तयार होतो तो यामुळे.

मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. ५०,००० पर्यंत शिशू, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. गरजेएवढंच मागा. ज्या शाखेत तुमचा पगार वर्षानुवर्षं जमा होत होता तिथेच आधी जा, तिथे तुमचा इतिहास आहे.

अनुदानाच्या योजनांचं गणित वेगळं. केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती, या दोन्हींसाठी सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्रात जायचं. सर्वसाधारण गटाला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय अशा विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाने १० टक्के, विशेष गटाने ५ टक्के. म्हणजे तीच यंत्रं महापालिकेच्या हद्दीत लावायची की उमरेड किंवा काटोल रस्त्यावरच्या गावात, यावर अनुदान दहा टक्क्यांनी बदलतं. वाहतुकीचा खर्च त्यातून वजा करून पाहा. खर्चाच्या कमाल मर्यादा आणि योजनेची चालू मुदत तिथेच विचारा, त्या बदलत राहतात.

इथे तीन चुका सारख्या होतात.

एक, मंजुरीआधी यंत्र विकत घेणं. या योजना नव्या उद्योगासाठी आहेत. आधीच उभ्या असलेल्या युनिटला त्या मिळत नाहीत. म्हणून मोठ्या यंत्राचा प्रकल्प मनात असेल तर पाचव्या टप्प्यातली चाचणी भाड्याच्या यंत्रावर किंवा दुसऱ्याकडून जॉबवर्क करून घेऊन करा, आणि कुठल्या नोंदण्या आधी करायच्या ते उद्योग केंद्रात विचारून मगच करा.

दोन, अनुदान म्हणजे हातात येणारे पैसे असं समजणं. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने अडकून राहतं आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं. मधे बंद पडलं तर गेलं.

तीन, प्रोजेक्ट रिपोर्ट दलालाकडून छापून घेणं. मॅनेजर विचारतो ‘कच्चा माल कुठून घेणार, किती दिवसांच्या उधारीवर?’ आणि माणूस गप्प होतो. डब्याचा जो तक्ता वर केला, तसाच तुमच्या मालाचा करा आणि तोच रिपोर्टात घाला. मदत हवी तर सेमिनरी हिल्सवर सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विभागाचं कार्यालय आहे, आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे प्रशिक्षण वर्ग असतात.

इशारा: ‘मंजुरी करून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. अर्ज ऑनलाइन आहे, स्वतः भरता येतो.

## टप्पा ८: जागा

मालाचा पसारा घरात मावेना किंवा गिऱ्हाईक पत्ता विचारू लागलं की जागा बघा. ज्या गाळ्याचा विचार आहे त्याच्या समोर सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री आठला उभं राहा, सोमवारीही आणि रविवारीही. दुपारचं जरूर पाहा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गाळ्यात मे महिन्यात चार ते सहा गिऱ्हाईक थांबत नाही आणि चॉकलेट, औषध, बेकरीचा माल टिकत नाही. भाडं कमी का आहे याचं उत्तर बरेचदा तेच असतं.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदवलेलाच करा, तोंडी ठेवू नका. त्यात डिपॉझिट किती दिवसांत परत, दरवर्षी भाडं किती वाढणार, आणि मधेच सोडलं तर काय, हे तीन मुद्दे लिहून घ्या. मालमत्ता कर आणि विजेचं जुनं बिल थकलेलं नाही याच्या पावत्या मागा. फर्निचरवर पहिल्या वर्षी धंद्याच्या भांडवलाचा दहावा हिस्साही घालू नका, जुन्या बाजारात रॅक आणि काउंटर चांगले मिळतात.

## टप्पा ९: पहिले सहा महिने

रोज रात्री तीन आकडे लिहा: आलेले पैसे, गेलेले पैसे, उधारी. वही चालेल. घरखर्चासाठी महिन्याला एकच ठरलेली रक्कम चालू खात्यातून बचत खात्यात घ्या. गल्ल्यातून दूध-भाजी सुरू झाली की धंदा चालतो की नाही हे कळायचं बंद होतं.

उधारीला आधीच आकडा ठरवा. कारखान्यांना माल किंवा सेवा देणाऱ्यांसाठी कायदा बाजूने आहे: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि त्यानंतर चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार एमएसएमई विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक पहिल्या बिलापासून छापा.

सेवेची बिलं घेणाऱ्या कंपन्या टीडीएस कापतात. तो तुमच्या नावावर दिसतो का ते दर तिमाहीला पाहा, आणि आलेल्या प्रत्येक बिलातून थोडी रक्कम कराच्या नावाने बाजूला टाका. छोट्या धंद्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर कर भरायची सोय आहे, ती घेतली तर आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो.

या काळात नोकरीचे अर्ज थांबवू नका. चांगली नोकरी आली आणि धंदा घर चालवत नसेल तर ती घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कधी थांबायचं तो आकडा मात्र सुरुवातीलाच लिहून ठेवा, उदाहरणार्थ धंद्याच्या खात्यात २०,००० उरले की थांबायचं. आणि थांबलात तर कागदही बंद करा: जीएसटी नंबर रद्द करण्याचा अर्ज, व्यवसाय कराची नोंद रद्द, गाळ्याच्या कराराची लेखी समाप्ती आणि डिपॉझिटची पावती, चालू खातं बंद. यांपैकी एकही उघडं राहिलं तर दोन वर्षांनी दंडाचं पत्र नव्या नोकरीच्या पत्त्यावर येतं.